फॅशन म्हणजे डिझाईन म्हणे... मग माझा मुंढा का अडकतोय?

स्पॅनर (धागाकर्ता)

बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आज पहिल्यांदा इथे धागा (नवा विषय) काढतोय, विभाग चुकला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मी मेकॅनिकलवाला. भोसरीत जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवायची साधनं, डिझाईन करतो, वीस वर्षं तेच. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आईचं पायाचं शिलाई मशीन माळ्यावरून खाली काढलं, विकायला, आणि विकायच्या आधी चालतंय का बघावं म्हणून तेल घातलं, चामड्याचा पट्टा बदलला, एका पायपुसण्यावर टीप मारून बघितली आणि तिथेच फसलो. आता दर शनिवारी दुपारी शिवणक्लासला जातो. अकरा बायका आणि मी.

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना विचारलं, काय डिझाईन शिकायचंय? कुणी म्हणालं बोट नेक, कुणी पाठीला लटकन, कुणी आरी वर्क. मला जाम आश्चर्य वाटलं कारण आमच्या ऑफिसात डिझाईन म्हणजे लोड कुठे येतोय, क्लिअरन्स (मधली मोकळी जागा) किती, पार्ट फिरताना कुठे घासतोय. वर कुठला रंग मारायचा याला आम्ही डिझाईन म्हणतच नाही, ते पेंटशॉपवाले बघतात. आणि इथे उलटं, नक्षीला डिझाईन म्हणतात आणि जे खरं डिझाईन आहे त्याला नुसतं कटिंग! त्या दिवसापासून डोक्यात किडा आहे. मग थोडं इकडेतिकडे वाचायला लागलो, फॅशन हा डिझाईनचा प्रकार आहे वगैरे, पण वाचलेलं अर्धं डोक्यावरून जातंय.

आता माझा प्रॉब्लेम. स्वतःसाठी साधा कुर्ता शिवला. छाती ४०, लूजिंग ४ इंच, म्हणजे ४४ चा घेर. घालून छान दिसला. फडताळाच्या वरच्या खणातला पोह्यांचा डबा काढायला हात वर केला तर कुर्ता पोटाच्या वर!! काख गच्च. मी म्हटलं क्लिअरन्स कमी पडतोय, मग दुसऱ्या कुर्त्याला मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल काप, चांगला एक इंच खाली खोल कापला. आणि तो पहिल्यापेक्षा वाईट झाला. हात खांद्याच्या वर जाईना. क्लिअरन्स वाढवल्यावर पार्ट जास्त जॅम होतो हे वीस वर्षांत बघितलं नाहीये मी. कुणी सांगेल का? आणि या विषयाबद्दल ट्रेंड-बिंड सोडून काही बोलण्यासारखं असेल तर तेही लिहा.

---

काजबटण

मी पहिली!
अकरा बायका आणि तुम्ही, मजा आहे. आमच्या क्लासमध्ये एक काका यायचे, रिटायर्ड पोस्टमास्तर, त्यांची काजं मशीनपेक्षा सरळ असायची, आम्ही सगळ्या जळायचो.
मुंढ्याचं मला पण माहीत नाही, मी पण खालीच कापत आलेय आजवर. वाचतेय.

---

काडीवाला

फॅशन आणि डिझाईन? पूल बांधणं म्हणजे डिझाईन. दर सहा महिन्याला पँटच्या पायाचा घेर कमी-जास्त करून लोकांना आधीच्या पँटी टाकायला लावणं याला धंदा म्हणतात. दिवे घ्या (हलकेच घ्या).

---

सुईदोरा

स्पॅनरभाऊ, मी बत्तीस वर्षं मुलींना कटिंग-टेलरिंग शिकवलं, आता सांगलीत घरी बसून नातीचे फ्रॉक शिवते. तुमचा प्रश्न दर बॅचला एक तरी मुलगी घेऊन यायची त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे.

तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला बिजागरीच्या भाषेत सांगते. हात कुठून वळतो? खांद्यातून. म्हणजे खरी बिजागरी वर आहे, काखेला अगदी लागून. मुंढा जितका काखेच्या जवळ तितकी कापडाची बिजागरी अंगाच्या बिजागरीजवळ. तुम्ही मुंढा इंचभर खाली नेलात म्हणजे बाही आणि अंग जिथे जुळतात तो सांधा बरगडीवर गेला. आता हात उचलला की तो सांधा हाताबरोबर वर यायला बघतो आणि मागून बाजूची सगळी शिवण, घेर, सगळं ओढून आणतो. खाली ढिलं झालं म्हणून हात सुटेल असं वाटतं, पण तो हात नाही सुटत, वटवाघळासारखा पंख होतो. मुंढा वर घ्या. काखेच्या खाली बोट-दीड बोट, बस. अंगात जी ढिलाई पाहिजे ती छातीच्या रुंदीत द्या, मुंढ्याच्या खोलीत नको.

दुसरं, बाहीचा वरचा डोंगर बघा. कागदावर बाही काढता तेव्हा वरती जो गोल उंचवटा असतो तो. तो उंच ठेवला की हात खाली सोडल्यावर बाही सुरेख पडते, एक सुरकुती नाही, कोटाची बाही अशी असते. पण हात वर करायला जड. तोच डोंगर बसका केला, जवळजवळ सपाट, की हात कसाही फिरवा, मात्र हात खाली असताना काखेत चुण्या पडतात. दोन्ही एकदम मिळत नाही. कोणासाठी शिवताय, तो दिवसभर काय करतो, हे विचारून ठरवायचं. भाषण देणाऱ्याला उंच डोंगर, डबे काढणाऱ्याला बसका.

आणि जुने झब्बे बघितलेत का? आजोबांचा असेल ट्रंकेत तर उसवून बघा (मनावर दगड ठेवून). त्याला मुंढ्याला गोल कापलेलंच नसतं. सगळे सरळ तुकडे, अंगाचा एक लांब आयत, बाह्यांचे दोन, बाजूला कळ्या (तिरके निमुळते तुकडे), आणि काखेत हातरुमालाच्या घडीएवढा एक चौकोन तिरका बसवलेला. तो चौकोन म्हणजे सगळी करामत. हात वर केला की तो उलगडतो, खाली आणला की मिटतो.

आता डिझाईन शब्दाबद्दल. आपल्याकडे याला शब्द आहे की हो! बेतणं. "कापड बेतलं का?" असंच म्हणायच्या माझ्या सासूबाई, कापलं का असं नाही. कापणं नंतर. आधी अंग बघायचं, कापडाचा पन्हा (रुंदी) बघायचा, उभा धागा कुठे जातोय, काठ कुठे येईल, उरलेल्यात बाहीची पट्टी निघते का, मनात सगळं मांडायचं आणि मग कात्री. आणि शिवणीत जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो त्याला म्हणायचं माया. "पोरीचं वाढतं अंग आहे, माया ठेवा." माझ्या मुलींना मी हा शब्द फळ्यावर लिहून द्यायचे.

---

स्पॅनर

सुईदोराताई, दंडवत. बिजागरी वाचल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. पिव्होट चुकला होता आणि मी क्लिअरन्स वाढवत बसलो होतो, नवशिक्या ट्रेनीला यावरून झापलं असतं मी.
बेतणं हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय आणि "जिवावर बेतलं" सोडून कधी वापरलाच नाही.

@काडीवाला, जीनच्या खिशाच्या कोपऱ्यावर तांब्याची टिकली असते ना, ती बघा जरा. नेवाडातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको आली, म्हणाली नवऱ्याच्या पँटी टिकत नाहीत काहीतरी करा. हा घोड्याच्या झुलींच्या पट्ट्यांना रिव्हेट मारायचा, तेच त्याने खिशाच्या कोपऱ्यांवर मारले, कारण खिसा फाटतो तो कोपऱ्यातून, ताण तिथे एकवटतो. आम्ही याला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणतो आणि पगार घेतो. पेटंटला पैसे नव्हते म्हणून ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला भागीदार केलं, २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. पूल नाहीये पण आजपर्यंत उभा आहे.

---

काडीवाला

बरं, टिकली मान्य. पण ती आता निम्म्या जीन्सवर शोभेला असते, आणि गुडघे मुद्दाम फाडून विकतात. त्याचं काय?

---

खारघर_लोकल

काडीवाल्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये हां. मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे, पॅटर्न मेकिंग शिकले, एक्स्पोर्टच्या दोन-तीन ठिकाणी काम केलं. एका कंपनीत (नाव नको) डिझायनर मंडळी सुंदर स्केच द्यायची, नऊ डोक्यांएवढी उंच मुलगी, ड्रेस हवेत उडतोय वगैरे. त्यात शिवण कुठेय? झिप कुठेय? बाई त्यात शिरणार कशी? काही नाही. ते सगळं कटिंगचे मास्टरजी ठरवायचे, सहावी पास, खडूने कापडावर, कागदसुद्धा नाही. आणि फोटोत नाव स्केचवाल्याचं. तेव्हापासून माझं मत झालंय की फॅशनमध्ये दोन माणसं असतात, एक दिसणं ठरवतो आणि एक असणं ठरवतो, आणि ज्या घरांत ही दोन्ही एकाच डोक्यात होती तिथेच खरं काम झालंय.

उदाहरण द्यायचं तर मादलेन व्हियोने. पॅरिसची, १९२० च्या दशकात तिचं नाव झालं. ती चित्र काढायचीच नाही फारसं, लाकडाची अर्ध्या मापाची बाहुली घेऊन तिच्यावर कापड टाकून, टाचून, फिरवून बघायची. तिचं मोठं काम म्हणजे तिरकं कापड. आता हे वाचून काय कळणार, उठा आणि एक सुती हातरुमाल घ्या. काठाला धरून उभा ताणा. ताणत नाही. आडवा ताणा, किंचित. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ताणा. रबरासारखा लांबतो आणि मधे आकसतो, बरोबर? विणलेल्या कापडात धागे उभे-आडवे असतात, ४५ अंशात ओढलं की चौकटीचे चौकोन मोडून पतंगासारखे होतात, म्हणून. व्हियोनेने अख्खे ड्रेस असे तिरके बेतले, त्यामुळे आत काचणारी कॉर्सेट नको, हुक-बटणं पण कितीतरी कमी, कापड आपणहून अंगावर वळतं.

आणि हे आपल्याला नवीन नाही, ब्लाऊजच्या गळ्याला जी तिरकी पट्टी लावतो ना

---

सुईदोरा

उरेब पट्टी! कुणी उरेप म्हणतं. सरळ कापडाची लावली तर गोल गळ्यावर बसतच नाही, उभी राहते. मुली कापड वाचवायला सरळ कापायच्या आणि मग गळा पसरला म्हणून रडायच्या.

---

खारघर_लोकल

हो तीच. मधेच पोस्ट झालं माझं, लोकलमध्ये आहे, वाशीच्या पुलावर रेंज जाते.

---

जर्सीत_वाकड्या

छान धागा. रच्याकने (जाता जाता), २०१७ मध्ये न्यूयॉर्कला मोमात (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) कपड्यांचं एक मोठं प्रदर्शन होतं, १११ वस्तू निवडल्या होत्या, पांढरा टी-शर्ट, ५०१ जीन्स, काळा ड्रेस, आणि त्यात आपली साडी पण! आम्ही बायकोच्या आग्रहाने गेलो, मी मनात म्हणत होतो की पार्किंगचे पैसे देऊन टी-शर्ट बघायला आलोय. पण त्यांनी प्रत्येक वस्तूचं काम काय, ती कशी बनते, कुणी बनवते, असं खुर्चीबद्दल किंवा फोनबद्दल बोलावं तसं मांडलं होतं. बायको साडीसमोर पंधरा मिनिटं उभी. मी विचारलं काय बघतेस, तुझ्या कपाटात चाळीस आहेत. म्हणाली, काचेत ठेवल्यावर वेगळी दिसते रे.

त्या म्युझियमचं कपड्यांवरचं त्याआधीचं प्रदर्शन थेट १९४४ चं होतं म्हणे, बर्नार्ड रुडोफ्स्की नावाचा आर्किटेक्ट. त्याने हिशोबच मांडला होता की सूट-ओव्हरकोट सगळं चढवलेल्या पुरुषाच्या अंगावर सत्तरएक बटणं आणि दोन डझन खिसे होतात, आणि त्यातली बहुतेक बटणं काहीच करत नाहीत. शिवाय त्याने पुतळे बनवून घेतले होते, वेगवेगळ्या काळातले कपडे जसे होते तसंच खरं अंग असतं तर माणूस कसा दिसेल याचे. टोकदार बुटासारखा पाय वगैरे. भयाण.

---

गावठी_गुलाब

दोन डझन खिसे!! आणि माझ्या कुर्तीला एक नाही. धागाकर्त्या, असलं डिझाईन कुणी केलं ते सांगा. फोन हातात, रुमाल हातात, किल्ली दातात.

बाकी माझी पणजी नऊवारी नेसायची, तिला खिशाची गरजच नव्हती. पैसे कनवटीला, पानाची चंची कमरेला, शेतातल्या चार शेंगा ओच्यात. एका न शिवलेल्या कापडात तीन खिसे. आणि आपण पुढे गेलो म्हणायचं.

---

खारघर_लोकल

गुलाबताई, त्याचं सोपं कारण म्हणजे खर्च. खिशाला अस्तर, जास्तीच्या टिपा, वेळ, हे सगळं प्रत्येक नगामागे मोजतात, आणि बायका पर्स घेतात असं गृहीत धरलेलं. शिवाय तलम रेयॉनच्या कुर्तीत बाजूच्या शिवणीत खिसा टाकला की फोनच्या वजनाने शिवण लोंबते. मग कापड बदला किंवा खिसा कमरेच्या शिवणीत वर टांगा. करता येतं, करत नाहीत.

नऊवारीचं निघालंच आहे तर बोलते, कारण मला विचाराल तर आपल्याकडचा सगळ्यात हुशार कपडा तोच. ९ वार म्हणजे ३२४ इंच, सव्वाआठ मीटरच्या आसपास. कात्री शून्य, शिवण शून्य, परकर नको. पुढे कंबरेला गाठ मारायची आणि बाकी सगळं त्या गाठीच्या भरवशावर. कासोटा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे, म्हणजे काम पँटचं पण पँटीसारखी माप घेऊन शिवायची नाही. तीच साडी पंचेचाळीस किलोच्या मुलीला आणि नव्वद किलोच्या आजीला. पोटुशी असताना तीच, बाळंतपणानंतर तीच. कोळणी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसतात कारण ओलीत काम, देवळात जायचं तर पायघोळ. कपडा तोच, बेतणं रोज सकाळी नव्याने. साड्या नेसायच्या पद्धती देशभर फिरून नोंदवण्याचं काम ऋता कपूर चिश्ती यांनी केलंय, त्यांच्या पुस्तकात १०८ पद्धती आहेत.

आणि कारखान्यात काय होतं बघा. मार्कर लावतो, म्हणजे सगळ्या तुकड्यांचे नमुने कापडावर कोड्यासारखे बसवतो, कितीही डोकं चालवलं तरी शर्ट-पँटच्या कटिंगला साधारण १५ टक्के कापड चिंध्यांत जातं. कारण अंग गोल आणि कापड चौकोनी. साडीवाल्यांनी चौकोन तसाच ठेवला आणि गोल करायचं काम निऱ्यांना दिलं.

---

नथीचा_नखरा

अनुमोदन, पण शिवलेल्या नऊवारीबद्दल काय मत? मला तर ती देवासारखी वाटते, दोन मिनिटांत तयार, ढोलपथकात सुटायची भीती नाही.

---

सुईदोरा

मी असंख्य शिवून दिल्यात त्यामुळे नावं ठेवणार नाही. पण एक सांगते, शिवली की ती तुमच्या मापाची झाली. पुढच्या वर्षी वजन वाढलं की कपाटात. आणि लेकीला देता येत नाही. आम्ही मग कमरेला नेफा-नाडी करतो, आत माया ठेवतो, थोडं निभतं. गोडसं सोंग आहे ते, चालायचंच.

---

गावठी_गुलाब

सोंग काय ओ काकू, नाचायला सोयीचं तेच. वेशभूषाकार भानू अथैयांनी १९६८ च्या ब्रह्मचारी सिनेमात मुमताजला ती केशरी साडी दिली ना, ती पण आधीच शिवून झिप लावलेली होती. नाचताना निऱ्या सुटायला नकोत आणि घट्ट पण बसायला हवी, मग काय करणार. भानूबाईंना पुढे गांधी सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, १९८३ ला, भारतातलं पहिलं. आमच्या कोल्हापूरच्या होत्या हे बोलायचं राहू नये म्हणून लिहिलं.

---

काडीवाला

कोल्हापूरवाले आले म्हणजे आता चप्पल येणार.

---

गावठी_गुलाब

येणारच! २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आमच्यासारखी चप्पल चालवली आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरले, मग इकडून आरडाओरडा झाल्यावर मान्य केलं. २०१९ पासून जीआय (भौगोलिक ओळखीचं मानांकन) आहे तिला. माझा राग नाव न घेण्याबद्दल आहेच, पण त्या वेळी जो तो भावना दुखावल्या म्हणत होता आणि चप्पल कशी बनते हे कुणी बोलेना. माझ्या मामांच्या शेजारी कारागीर राहायचे, मी तासन्तास बसायचे तिथे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं चामडं, तळवा थरांचा, आणि शिवायचं ते चामड्याच्याच वादीने. खिळा नाही. अंगठा अडकवायला गोल, वरून पट्टा, बाजूचे कान. नवी असताना चावते, मग तेल पाजायचं, आठ-पंधरा दिवसांत तुमच्या पायाचा ठसा घेते आणि मग दुसऱ्याला होत नाही ती. स्पॅनरदादा, तुमच्या भाषेत रनिंग-इन.

---

स्पॅनर

रनिंग-इन हा हा. बरोब्बर.
जर्सीवाले तुमचा तो रुडोफ्स्की, त्याने नंतर स्वतः चपलांचा धंदा काढला, बर्नार्डो नावाने, सपाट पट्ट्यांच्या. आता दुवा जुळला डोक्यात.

---

म्हापशेकार

आमच्या गोंयची पण एक घाला. कुणबी साडी. लाल चौकडीची, जाड सुताची, आखूड, गुडघ्याच्या जरा खाली, आणि पदर खांद्यावर गाठ मारून पक्का. भातशेतात चिखलात वाकून लावणी करायची तर पदर घसरून चालत नाही, हात दोन्ही मोकळे पाहिजेत. माझी आजी तशीच नेसायची आणि आम्हाला शाळेत तिची लाज वाटायची, खोटं का बोला. पुढे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी ती परत विणून घेतली, रॅम्पवर आणली, गोव्याच्या पेहरावावर पुस्तक लिहिलं, कोलवाळला स्वतःच्या घराचं म्युझियम करायला घेतलं. २०२० मध्ये गेले ते. रॅम्पवर बघितल्यावर आम्हाला ती चांगली दिसायला लागली, हेही खरंच. आजी तेव्हा नव्हती.

---

चिंतातुर_बाबा

मंडळी थोडं अवांतर. लेक बारावीला आहे, म्हणते फॅशन डिझाईनच करणार. घरात वातावरण तापलंय, तिच्या आजोबांना वाटतंय ही शिंप्याचं दुकान काढणार. निफ्ट, एनआयडी या शिकवणाऱ्या संस्थांमधलं मला काही कळत नाही. नादी लागू द्यावं का?

---

खारघर_लोकल

बाबा, पहिलं म्हणजे शिंप्याचं दुकान काढलं तरी काय वाईट आहे, चांगला ब्लाऊज शिवणारा मिळत नाही हल्ली.

निफ्ट १९८६ ला दिल्लीत सुरू झालं, वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे, मुंबईचं सेंटर खारघरला. बी. डेस. चार वर्षांचं, त्यात फॅशन, टेक्स्टाईल, निटवेअर, ॲक्सेसरी, लेदर असे फाटे. कारखान्याची, प्रॉडक्शनची बाजू आवडत असेल तर बी. एफटेक. (फॅशन टेक्नॉलॉजी) आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि नोकऱ्या तिथे बऱ्या. एनआयडी १९६१ चं, अहमदाबादला, तिथे मुळात डिझाईन म्हणून शिकवतात, मग कापड असो की खुर्ची. त्याच्याही आधी, १९५८ ला, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत फिरून सरकारला अहवाल दिला होता, त्यात आपल्या लोट्यावर एक झकास भाग आहे. लोटा कुणी एकाने डिझाईन केला नाही, पण करायचा झाला तर काय काय विचारावं लागेल याची यादी. पाणी किती मावणार, हातात कसा बसणार, कमरेवर, डोक्यावर कसा नेणार, भरलेला-रिकामा तोल कसा, ओतायला, घासायला कसा. लेकीला तो वाचायला द्या आणि म्हणावं आता असेच प्रश्न तुझ्या आवडत्या ड्रेसबद्दल लिही. लिहिता आले तर बिनधास्त पाठवा.

प्रवेश परीक्षेत चित्र येतंच, पण निफ्टला नंतर सिच्युएशन टेस्ट असते, समोर तार, कागद, कापड असलं साहित्य टाकतात आणि वस्तू करून दाखवा म्हणतात. हाताची सवय पाहिजे. तिला आत्तापासून एक जुना शर्ट पूर्ण उसवून परत शिवायला लावा, हजार चित्रांपेक्षा जास्त शिकेल.

---

चिंतातुर_बाबा

धन्यवाद ताई. लोटा आजोबांना पण दाखवतो.

---

पदरकाठ

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). मी येवल्याजवळची, आमच्यात माग आहेत. सगळे कापण्याबद्दल बोलताय म्हणून एक भर. कापड विणतानाच कपडा बेतलेला असतो आमच्यात, हे पण बघा. पैठणीचा पदर मशीनसारखा वरून भरत नाहीत, मोर असो की मुनिया, प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवर आणि शेजारच्या रंगात अडकवून फिरवायचा, म्हणून अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, मागे लोंबते धागे नाहीत. घ्यायला जाल तेव्हा आधी उलटा करून बघा. इरकलीत तर पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, अंगाच्या ताण्याला फास घालून जोडतात, टोपी-तेनी म्हणतात त्याला. आणि खण तर नावच सांगतं. तो ब्लाऊजपीस म्हणूनच विणतात, काठ अशा ठिकाणी की चोळी बेतली की बाहीच्या कडेला बरोबर येतो. हल्ली त्याच खणाच्या पर्सा, फ्रेमा, मास्क सगळं करतात, काठ कुठेही जातो, माझ्या डोळ्याला खुपतं ते.

---

नथीचा_नखरा

खुपू दे पण विणकराला काम मिळतंय की.

---

पदरकाठ

ते आहेच. पॉवरलूमवर विणलेल्याला विणकर म्हणायचं का हा वेगळा धागा होईल, इथे नको.

---

जर्सीत_वाकड्या

निऱ्यांवरून आठवलं, तो जपानी डिझायनर इस्से मियाके. बायकोने सेलमध्ये त्याचा प्लीट्स प्लीज टॉप घेतला, सेलमध्ये पण किंमत ऐकून मी बसलो खाली. पण बघितलं तर डोकं आहे. सगळे आधी कापडाला चुण्या पाडतात मग शिवतात, यांच्याकडे आधी अडीच-तीनपट मोठा कपडा शिवतात आणि मग कागदात घालून प्रेसमध्ये चुण्या पाडतात. पॉलिएस्टर असल्यामुळे उष्णतेने चुणी कायमची बसते. इस्त्री नको, बॅगेत गुंडाळी करून टाका, आणि बसलात की मापाप्रमाणे उघडतो. १९९३ पासून विकतात. त्याचं काम बघून मला आजीच्या धुवून पिळून ठेवलेल्या साडीची आठवण आली, ती पीळ घालून खुंटीला टांगायची, चुण्या आपोआप.

---

काडीवाला

एवढं सगळं वाचून मी पण घरातला रुमाल ताणून बघितला. ताणतो तिरका. बायको विचारतेय काय चाललंय. एवढंच कबूल करतो, बाकी फाटक्या जीन्सवर माझं मत तेच.

एक खरंच प्रश्न आहे, मला एकाच दुकानात एका ब्रँडचा ४० होतो, दुसऱ्याचा ४२ पण दंडात घट्ट. याला काय म्हणायचं?

---

खारघर_लोकल

याला म्हणायचं की मापं दुसऱ्यांच्या अंगांची आहेत. आपले ब्रँड बरेचदा युके-अमेरिकेचे साईझ चार्ट थोडे खेचून-ढकलून वापरत आलेत. आपले खांदे, पोट, दंड यांचं प्रमाण वेगळं. त्यासाठी निफ्टने इंडियासाईझ म्हणून काम हाती घेतलं, सहा शहरांत २५,००० माणसं थ्रीडी स्कॅनरने मोजायची, त्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग पण. शिलाँग मुद्दाम, ईशान्येकडची अंगकाठी वेगळी म्हणून.

---

काडीवाला

हे बरंय. म्हणजे चूक माझ्या पोटाची नाही.

---

सुईदोरा

पोटाची थोडी असेल.

---

स्पॅनर

रिपोर्टिंग. दोन शनिवार गेले.

दुसरा कुर्ता, तो खोल मुंढ्याचा, फेकायचा नव्हता. सुईदोराताईंनी सांगितलेला काखेतला चौकोन लावायचं ठरवलं. दोन्ही काखा उसवल्या, बाजूची शिवण आणि बाहीची शिवण तीन-तीन इंच. उरलेल्या कापडातून साडेतीन इंचाचे दोन चौकोन कापले. पहिला बसवताना चारही कोपऱ्यांत इतक्या सुरकुत्या आल्या की रात्री साडेबाराला सगळं उसवलं. मग आमच्या क्लासच्या बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या कोपऱ्यापर्यंत टीप नेऊ नका, मायेएवढं अंतर सोडून थांबा, सुई कापडात रुतवून पाय उचला, वळवा, मग पुढची बाजू. अगदी मिलिंगमध्ये (धातू कापताना) कोपऱ्यात रिलीफ, म्हणजे थोडी मोकळीक, देतो तसं. चार वेळा केल्यावर जमलं.

सोमवारी तोच घालून ऑफिसला गेलो. बसमध्ये वरचा दांडा धरून उभा राहिलो, कुर्ता जागचा हलला नाही. फडताळाचा वरचा खण पण झाला. बायकोने फोटो काढलाय, हात वर करून, पोह्यांच्या डब्यासकट. टाकतोय.

आजोबांचा झब्बा मिळाला ट्रंकेत. उसवायला आईने साफ नकार दिला.

---

गावठी_गुलाब

डबा रिकामा आहे ना फोटोत? खरं सांगा.

---

सुईदोरा

छान हो स्पॅनरभाऊ. आई बरोबर आहेत, नका उसवू, नुसता उलटा करून बघा, सगळं दिसतं.
आणि हा फोटो पण चालणार नाही, कुर्ता उलटा करून काखेचा टाका. कोपरे बघायचेत मला.